रे विल्सनचं पत्र

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी भुसावळची. वडील रेल्वेत गार्ड होते, पुढे मीही रेल्वेतच बुकिंगला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओमाहाला गेले होते. जावई म्हणाले, "आई, जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे यार्ड इथून चार-साडेचार तासांवर आहे, नॉर्थ प्लॅटला. जायचं का?" विचारायला हवं होतं का! यार्ड डोळे भरून पाहिलं, पण मनात घर करून राहिली ती तिथल्या संग्रहालयात कळलेली एक बाई, रे विल्सन. तिच्याबद्दल आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र.

१९४१ चा डिसेंबर. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला दहा दिवस झाले होते. नॉर्थ प्लॅट तेव्हा बारा हजार वस्तीचं गाव. नेब्रास्काच्या नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेची, 'कंपनी डी' ही तुकडी गाडीने जाणार, अशी कुणकुण गावात लागली. आपलीच पोरं! १७ तारखेला पाचेकशे माणसं खाऊ, सिगारेटी, भेटवस्तू घेऊन स्टेशनवर जमली. गाडी आली, तीत कंपनी डी होतीही, पण कॅन्ससची. ज्यांच्यासाठी आणलं होतं त्यातलं कुणीच नव्हतं. गर्दी क्षणभर गोंधळली, आणि मग सगळं त्या अनोळखी पोरांनाच देऊन टाकलं.

त्या गर्दीत रे होती. वय २६, औषधांच्या दुकानात विक्रेती. तिचा भाऊ नेब्रास्काच्या त्या कंपनीचा प्रमुख होता, त्याची भेट चुकली. तिने गावातल्या दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं आणि ते दुसऱ्याच दिवशी छापून आलं. पहिल्या महायुद्धात याच स्टेशनवर बायकांनी कँटीन चालवलं होतं, मग आता का नको? आपण आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढू. आपल्या मुलांच्या आणि 'इतर आयांच्या मुलांच्या' पाठीशी उभं राहू. आणि पुढे, हे कँटीन मी एक पैसा न घेता चालवीन. 'मी चालवीन' हे तिने त्याच पत्रात लिहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

२५ डिसेंबरच्या रात्री पहिली गाडी आली. तिथून १ एप्रिल १९४६ पर्यंत, म्हणजे सव्वाचार वर्षं, कँटीन चाललं. इंजिनाला पाणी घ्यायला गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबायची, तेवढ्यात सैनिक पळत आत यायचे. गरम कॉफी, सँडविच, उकडलेली अंडी, केक, मासिकं, सगळं फुकट. मिलिटरी गाड्यांच्या वेळा गुप्त असायच्या, म्हणून रेल्वेची माणसं 'कॉफीचं भांडं चढवलंय' एवढाच निरोप द्यायची आणि बायका पदर खोचून, नव्हे, अ‍ॅप्रन बांधून उभ्या राहायच्या. नेब्रास्का, कोलोरॅडो आणि कॅन्ससमधल्या सव्वाशे गावांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. सरकारी पैसा नव्हता. साखरेचं रेशनिंग, तरी घरच्या वाट्याची साखर वाचवून वाढदिवसाचे केक केले जायचे. आज कुणाचा वाढदिवस आहे का, असं फलाटावर विचारायचं आणि अख्खा केक त्याच्या हातात द्यायचा. जीन स्लॅटरी नावाचा एक शेतकऱ्याचा पोर गुरांच्या बाजारात अंगातला शर्ट काढून लिलावात विकायचा आणि आलेले पैसे कँटीनला द्यायचा. एवढ्या सगळ्या काळात सुमारे ६० लाख सैनिक इथे खाऊन गेले.

रे मात्र शेवटपर्यंत तिथे नव्हती. काही महिन्यांतच तिची तब्येत ढासळली आणि तिला काम सोडावं लागलं. पुढची धुरा हेलन क्राइस्ट या बाईंनी वाहिली, त्याही त्याच गावच्या. मला हे कळलं तेव्हा पोटात तुटलं. पण ज्या कामाची घडी इतक्या हातांनी बसवलेली असते ते एकीच्या जाण्याने थांबत नाही, हेही तिथेच दिसलं. ते स्टेशन १९७३ मध्ये पाडलं. संग्रहालयात त्या काळच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते.

कारण मला माझी आई दिसत होती. १९७१ च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांची होते. भुसावळला मिलिटरी स्पेशल थांबली की आमच्या क्वार्टरच्या ओळीतल्या बायका निघायच्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि आपल्याकडची केळी, फणीच्या फणी. आई खिडकीतून पुड्या द्यायची. एका जवानाने तिच्या हातात पोस्टकार्ड दिलं, "माँजी, टपालपेटीत टाकाल का?" तिने ते पदरात धरून घरी आणलं, पत्ता नीट वाचता येतोय ना ते बघितलं आणि मला सोबत घेऊन पेटीत टाकलं. कुठल्या गावचं होतं ते आता आठवत नाही. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, आता विचारायला कोणी नाही.

१९६२ ला स्वेटर विणणाऱ्या, अंगावरचे दागिने संरक्षण निधीत देणाऱ्या, १९६५ आणि १९७१ ला फलाटावर उभ्या राहिलेल्या बायका आपल्या गावोगाव होत्या. मनमाड, दौंड, मिरज, सगळीकडे. १९७१ ला विशी-पंचविशीत असलेल्या आज सत्तरीच्या पुढे आहेत, पण आहेत. घरातल्या कुणीतरी समोर बसून विचारलं तर सांगतील.

आपण येत्या डिसेंबरात त्यांच्या आठवणींसाठी आठवड्यातून एक दिवस अर्धं पान द्यावं, ही विनंती. येणारी पत्रं वाचून, नावं-गावं तपासून, टाइप करून आपल्याकडे पोहोचवण्याचं काम मी विनामोबदला करीन. माझा पत्ता पाकिटावर आहे.

आपली,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ