तिकीट तिकडचं, पायपीट आपली

बर्न, स्वित्झर्लंड
9 ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रोज व्हॉट्सॲपवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. तिला सांगा, बाबांच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते पत्रातूनच यायला हवं.

पोस्टमन होतात तेव्हा वरच्या आळीत दुबईचं पाकीट आलं की ते पोचवायला ओढा ओलांडून जायचात आणि परत आल्यावर करवादायचात, "तिकीट तिकडचं, पैसे तिकडच्या सरकारला, पायपीट माझी. हा हिशेब करतं कोण?"

तो हिशेब इथेच ठरला, बाबा. स्टेशनाजवळ क्लाइने शान्झे नावाची बाग आहे. तिथे 1909 सालचं एक शिल्प आहे. पृथ्वीचा गोल आणि त्याच्याभोवती पाच खंडांच्या पाच बायका, एकमेकींच्या हातात पत्रं देताहेत. जागतिक टपाल संघाचं स्मारक.

आधी म्हणे देशादेशांचे वेगळे करार असत. पत्र जितक्या मुलखांतून जाईल तितके दर, वजनाची मापंसुद्धा वेगळी. जर्मन टपालखात्याच्या हाइनरिश फोन श्टेफान यांनी पुढाकार घेतला आणि 1874 साली आजच्याच तारखेला 22 देशांनी बर्नमध्ये या संघाच्या करारावर सह्या केल्या. आपण 1876 मध्ये आलो, इंग्रजांच्या राज्यात. ठरलं असं, की टपालापुरता सगळ्यांचा मिळून एकच मुलूख. आणि पोचवणावळीचा हिशेब ठेवायचाच नाही! ज्याने तिकीट विकलं, पैसे त्याचे. पत्राला उत्तर येतंच, तेव्हा फिटंफाट. मला हसू आलं. आपल्याकडे आहेराचीसुद्धा वही ठेवतात.

पण फिटंफाट कसली? श्रीमंत देशांतून मासिकं आणि कॅटलॉगांचे गठ्ठे यायचे, त्यांना उत्तर कोण धाडणार? शेवटी 1969 च्या टोकियो अधिवेशनात ठरलं, की पाठवण्यापेक्षा जास्त टपाल ज्याच्याकडे येतं त्याला फरकाचे पैसे द्यायचे, तेही किलोवर. म्हणजे तुमची पायपीट कुठेतरी तोलली जात होती. पगारात का दिसली नाही, ते मला विचारू नका. आजचा जागतिक टपाल दिनही त्याच अधिवेशनात ठरला, प्रस्ताव आपल्या भारतीय प्रतिनिधीचा.

भांडणं आजही होतात. चीनची छोटी पाकिटं आम्ही स्वस्तात का पोचवायची, म्हणून अमेरिका संघ सोडायला निघाली होती. 2019 मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं, दरांवर तडजोड झाली, अमेरिका राहिली. तिचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटलं नाही. तुमचंही तेच तर म्हणणं होतं!

आईच्या गुडघ्यांसाठी पट्टा पाठवलाय. त्याचा तेरा अक्षरी नंबर फोनवर दिलाय, शेवटी सीएच, म्हणजे स्वित्झर्लंड. तोच नंबर आपल्या टपालखात्याच्या साइटवर टाका, चालेल. नंबराची ही धाटणीही सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली आहे. अंधांसाठीची ब्रेलची पुस्तकं तर साध्या टपालाने बिनतिकिटाची जातात. शाळेतल्या बाईंना सांगा, त्यांच्या भाचीला उपयोग होईल.

पाकीट फाडू नका, कात्रीने उघडा. आपल्या ऑफिसचा शिक्का नीट उमटलाय का, ते बघालच. पुसट असला तरी नव्या पोरावर ओरडू नका. ओढ्याला पाणी असेल अजून, चहा पाजा त्याला.

तुमचा,
बाळू