डिकीतला तो ठोकळा काढू नका हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सेकंडहँड कन्व्हर्टिबल (छप्पर उघडता येणारी गाडी) घेण्यावर लेख आला होता, बाकी लेख मस्तच, पण त्यात डिकीच्या कोपऱ्यातले कंपनीचे लोखंडी ठोकळे काढून टाका, वजन कमी होऊन ॲव्हरेज वाढेल असा सल्ला दिलाय. अहो, कृपा करून असं कुणी करू नका! मी गाड्यांच्या व्हायब्रेशनच्याच कामात आहे म्हणून राहवलं नाही.

छप्पर नसलं की बॉडी पिळायला एकदम सोपी होते, काडेपेटीतला आतला ड्रॉवर बाहेर काढून पिळून बघा म्हणजे कळेल. मग कंपनीवाले दाराखालचा भाग जाड करतात, खालून तिरक्या पट्ट्या मारतात, तरी बॉडी सेकंदाला 15-20 वेळा थरथरायला तयारच असते. आता हिशोब करा, चाकाचा घेर साधारण 2 मीटर, म्हणजे ताशी 100 ला चाक सेकंदाला जवळपास 14 वेळा फिरतं, बॉडीच्या तालाच्या अगदी जवळ, मग चाकाचं बॅलन्सिंग जरा बिघडलं की स्टिअरिंग आणि पुढच्या काचेची फ्रेम नाचायला लागते आणि आरशात मागचा ट्रक धूसर दिसतो.

तो ठोकळा रबरावर बसवलेला असतो आणि वजन नि रबर असं जुळवलेलं असतं की बॉडी ज्या तालात थरथरते त्याच तालात तो हलतो, पण मागे रेंगाळत, त्यामुळे बॉडीला उलटा धक्का मिळतो आणि थरथर रबरात उष्णता होऊन जिरते. कोपऱ्यातच का, तर पिळताना सगळ्यात जास्त हलतात ते कोपरेच. काही गाड्यांत तर हेच काम बॅटरीकडून करून घेतात!

आयडिया जुनीच आहे, हर्मान फ्राम या जर्मन माणसाने 1909 मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. हायटेन्शनच्या तारांना टॉवरजवळ लटकलेले डंबेल बघितलेत ना, तेही याच जातीचे. रेनॉने 2005 मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीत नाकात असाच डॅम्पर (थरथर जिरवणारा ठोकळा) बसवला आणि पुढच्या वर्षी त्यावर बंदी आली, इतका तो कामाचा.

खरा प्रॉब्लेम रबराचा. वर्षानुवर्षं उन्हात कडक झालं की ताल चुकतो, मग ठोकळा असून नसल्यासारखा. एका गॅरेजवाल्याने तर तो खडखडतो म्हणून सरळ वेल्ड करून टाकलेला मी पाहिलाय, म्हणजे वजन तेवढंच राहिलं आणि उपयोग शून्य. खडखड असेल तर आधी रबर बघा, ठोकळा हाताने जोर लावल्यावर किंचित हलायला हवा.

(थारवाल्यांनी टेन्शन घेऊ नये, तिला खाली वेगळी चासी (लोखंडी सांगाडा) असते, तिचं गणित निराळं.)

जमलं तर पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा, कुणीतरी एव्हाना पाना घेऊन डिकीत उतरलाही असेल.

– एक वाचक, चिंचवड