पथ्याचं ताट वेगळं कशाला, घराचाच स्वयंपाक बदला

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागं तुमच्या पेपरात शुगरवर लेख आला होता. चांगलाच होता, पण सगळा लेख रुग्णानं हे खाऊ नये, रुग्णानं ते टाळावं, रुग्णानं चालावं असाच होता, आणि आमच्या गावात गाडं नेमकं तिथंच अडतंय म्हणून हे पत्र लिहायलोय. मी काही डॉक्टर नाही. औसा तालुक्यात एका गावात माझं किराणा दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. गाव काय खायलंय हे मला उधारीच्या वहीवरून कळतं, कुणाला विचारावं लागत नाही.

आधी घरचं सांगतो. आमच्या दादाला, म्हणजे वडलांना, २०१४ मधी शुगर निघाली, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी गेले आणि रक्त तपासलं तर २९०. डॉक्टरनी सांगितलं भात कमी, साखर बंद, रोज चाला. घरी आल्यावर आईनं त्याच दिवशी दादाचं ताट वेगळं केलं. दोन कोरड्या भाकरी, बिनतेलाचा दोडका, वरण पातळ. बाकीचे आम्ही आत बसून चपाती, भात, भजे सगळं खायचो आणि दादा एकटे बाहेर ओसरीत. आईची माया होती त्यात, वाईट काहीच नव्हतं, पण माणूस दीड महिन्यात कंटाळला. मग घरी पथ्य आणि स्टँडवर मिसळ असं सुरू झालं. आम्ही सगळे त्यांनाच बोलायचो की तुमच्या जिभेला लगाम नाही. आज मला त्याचं लई वाईट वाटतं, कारण घरातली सात माणसं जे खायलेत त्याचा वास घेत एकट्यानं दोडका खायचा, कितीही खंबीर माणूस असला तरी किती दिवस खाईल?

मग २०२१ ला माझाच नंबर लागला. आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरत होत्या, त्यांनी धरून उपकेंद्रावर नेलं, उपाशीपोटी शुगर ११८ आली. तालुक्याला जाऊन तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी केली तर ६.२. डॉक्टर म्हणले, ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून डायबिटीस, तुम्ही अजून उंबऱ्यावर आहात, आत जायचं का मागं फिरायचं ते तुमच्या हातात आहे. मी म्हणलं डॉक्टर साहेब मी कुठं जाड आहे, हात बघा काडीसारखे. त्यांनी टेप घेऊन पोट मोजलं, ९८ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषाला ९० च्या आत पाहिजे आणि बाईला ८० च्या आत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय, पुण्याजवळच्या खेड्यातली जन्मलेली पोरं सुद्धा वजनाला कमी आणि अंगात चरबी त्या मानानं जास्त असं त्यांना दिसलं. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी. आमच्या गावात असे शेकड्यानं आहेत आणि सगळे म्हणत्यात आपण सडपातळ आहोत, आपल्याला काय होतंय.

त्या रात्री बायकोनं एकच गोष्ट सांगितली. म्हणली, "अहो, मी दोन-दोन स्वयंपाक करणार नाही. तुम्हाला जे चांगलं ते लेकरांना वाईट असतंय का? सगळ्यांना एकच करणार." मला वाटतं त्या एका वाक्यानं मी वाचलो. दुसऱ्या दिवशीपासून दादांचं ओसरीतलं ताट पण आत आलं.

केलं काय तर फार मोठं काही नाही. रोज एक उसळ, मटकी नाहीतर हुलगे नाहीतर चवळी. रोज एक पालेभाजी, अंबाडी, करडई, घोळ, शेतात जे उगवलंय ते. भाकरी ज्वारीची पण मोजून, हे नीट सांगतो कारण लोकांचा लई गैरसमज आहे, भाकरी म्हणजे औषध नाही. ज्वारीतही शेवटी पिष्टच आहे, चार भाकरी चुरून खाल्ल्या तर शुगर वाढणारच. फायदा असा की अख्ख्या दाण्याचं पीठ असतंय, कोंडा आत राहतो, चावून खावी लागते, दीड-दोन भाकरीत भाजी-उसळीसोबत पोट भरतं. भात बंद नाही केला, वाटीवर आणला. रात्रीचं जेवण साडेसातला आणि जेवल्यावर सगळं घर मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतं, वीस-पंचवीस मिनिटं. पोरगं आधी कुरकुर करायचं, आता तेच पुढं पळतंय.

चहाचा हिशोब मी दुकानदार असून कधी केला नव्हता. गल्ल्यावर बसलं की दिवसाला आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे सोळा चमचे, चमचा चार ग्रामचा धरला तरी चौसष्ट ग्राम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ ला जी आहाराची पुस्तिका काढली त्यात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रामच्या आत ठेवा असं आहे. मी फक्त चहातूनच अडीच पट घेत होतो आणि वरून सगळ्यांना सांगायचो की मी गोड खात नाही. तेलाचं पण तसंच. त्याच पुस्तिकेत माणशी दिवसाला साधारण २७ ग्राम तेल-तूप सांगितलंय, पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलो म्हणजे लिटरच्या साडेचार पिशव्या. माझ्या वहीत पाच माणसांची घरं आठ-आठ, नऊ-नऊ पिशव्या नेत्यात, त्यातही बहुतेक पामतेल कारण स्वस्त. एकेकाळी आमच्याकडं घरची करडई असायची आणि घाण्याचं तेल यायचं. मीठ दिवसाला ५ ग्राम म्हणजे एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण सगळं आलं. बीपीवाल्याच्या ताटात लोणचं आधी असतंय बघा.

एका वर्षात माझं वजन ७४ वरून ६८ झालं आणि एचबीएवनसी ५.६. चार वर्षं झाली, तिथंच टिकून आहे. दादाची ९.१ होती ती ७.२ वर आली, गोळ्या चालूच आहेत, डॉक्टरनी एक कमी केली, आम्ही नाही केली. हे मुद्दाम लिहितो कारण आमच्या भावकीतल्या एकानं मोबाईलवर कुठलातरी कारल्याचा काढा बघून गोळ्या परस्पर बंद केल्या, आठ महिन्यांनी पायाला जखम झाली आणि अंगठा काढावा लागला. ज्याला लागली आहे त्यानं गोळी सोडायची नाही, आणि गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कडक उपास किंवा जेवण बुडवणं असलं काही डॉक्टरला न विचारता करायचं नाही, शुगर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. एकादशीला आमच्याकडं ज्यांना शुगर आहे ती म्हातारी माणसं दोन्ही वेळा साबुदाणा खात्यात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. एकादशी दुप्पट खाशी म्हणत्यात ते उगाच नाही. त्यापेक्षा वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक बरं.

लोक म्हणतील तुझ्या एकट्याचं ऐकून काय करायचं. मग मोठ्या अभ्यासाचं सांगतो, माझी पोरगी नर्सिंगला आहे तिनं मला समजावलं. अमेरिकेत तीन हजारांवर उंबऱ्यावरच्या माणसांवर अभ्यास झाला, २००२ ला निकाल आला. एका गटाला वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच, दुसऱ्या गटाला शुगरची मेटफॉर्मिन गोळी. खाणं-चालणंवाल्यांत डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, गोळीवाल्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आपल्या भारतीय माणसांवर तसंच केलं, २००६ ला छापून आलं, आपल्यात फरक कमी पडला, २८ टक्क्यांच्या आसपास, पण गोळीनं पण तेवढाच पडला होता. माझ्या ७४ किलोला ७ टक्के म्हणजे पाच-सव्वापाच किलोच, डोंगर उचलायचा नव्हता. आणि आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ च्या अभ्यासाप्रमाणं देशात १० कोटींवर डायबिटीसची माणसं आहेत पण उंबऱ्यावर १३ कोटींवर आहेत. ही १३ कोटी माणसं आज कुणाच्या हिशोबातच नाहीत, कारण त्यांना काही दुखत नाही आणि ती दवाखान्यात जात नाहीत.

आता ज्वारीचं. आमच्या शिवारात रब्बीला नुसती ज्वारी असायची, आता खरिपाला सोयाबीन आणि पाणी असेल तिथं ऊस. शेतकऱ्याला दोष देत नाही, ज्वारीला पाखरं राखायला माणूस मिळत नाही, काढणीची मजुरी परवडत नाही, भाव हातात येत नाही. मग घरात रेशनचा गहू-तांदूळ आणि ज्वारी माझ्या दुकानातून विकत, गव्हापेक्षा महाग. गरीब माणूस काय खाणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असं लिहिलेलं होतं, २०२३ पासून तर सगळं फुकट आहे. म्हणजे कायद्यात भरड धान्याची जागा आहे. मग मराठवाड्यातल्या रेशनवर बाराही महिने ज्वारी का नाही? २०२३ हे भरड धान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, २०२४ ला जालन्याच्या दगडी ज्वारीला जीआय, म्हणजे त्या भागाचीच खास चीज असल्याचं मानांकन, मिळालं, परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ज्वारी २०१८ लाच दिलीय. सगळं आपल्या दारात आहे, फक्त ताटात नाही. सरकारनं इथंच हमीभावानं घेऊन इथल्याच रेशनला आणि शाळेच्या खिचडीच्या जागी आठवड्यातून दोन दिवस द्यावी, शेतकरी आपोआप पेरतील.

दुसरी मागणी वेगळी वाटेल पण आरोग्याचीच आहे. शेतीला दिवसा लाईट द्या. रब्बीत रात्री बारा-एकला उठून मोटार चालू करायला जाणारा माणूस तीन-चार तास झोपतो, महिनोन् महिने. झोप कमी पडली की भूक वाढती, बीपी आणि शुगर पण बिघडती, आणि जागं राहायला तंबाखू आणि चहा. त्याला सकाळी उठून व्यायाम करा म्हणून सांगायला मला तरी तोंड होत नाही. तंबाखूचं म्हणाल तर पुडी मी दुकानातून तीन वर्षांपूर्वी काढून टाकली, गिऱ्हाईक तुटलं थोडं, तुटू द्या. बायकांची मिश्री मात्र अजून सुटत नाही, आईची सुद्धा नाही, त्यावर कुणी बोलतच नाही. पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं मी अजून विकतो, खोटं कशाला बोलू, पण पुढं टांगलेली काढून मागं ठेवली आणि त्या जागी फुटाणे-शेंगदाण्याच्या पुड्या लावल्या, त्या खपत्यात.

तिसरी, तपासणी आठवडी बाजारात ठेवा. उपकेंद्रात बीपी-शुगर फुकट बघत्यात पण बाप्ये तिकडं फिरकत नाहीत, ते आजारी बायका-लेकरांचं ठिकाण समजत्यात. बाजारात टेबल लावलं तर रांग लागेल, पोट मोजायला टेप तर लागतोच किती रुपयांचा.

आमच्याकडं येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, अख्खं गाव शेतात जातंय, तुम्हाला माहीतच असेल. भज्जीत वाटाणा, वाल, तूर, हरभरा, मेथी, पात, जे शेतात आहे ते सगळं, सोबत बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. त्या दिवशी दादा पंगतीत सगळ्यांसोबत बसतात आणि कुणाला वेगळं ताट लागत नाही, कारण जेवणच असं आहे की शुगरवाल्याला पण चालतं आणि पोरांना पण.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला पाककृती येत्यात, त्यात मैदा, चीज, पनीर असतंय. त्याच्या जागी कधी ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, घोळीची भाजी, जवसाची चटणी, आंबील असं छापा, मापासकट, चार माणसांच्या घराला किती लागतं ते. हे मी उगाच मागत नाही. नव्या सुना दुकानात जवस घ्यायला येत्यात आणि मलाच विचारत्यात की काका हे भाजायचं किती आणि मीठ कधी घालायचं, आणि मी घरात जाऊन बायकोला विचारून येतो.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. औसा, जि. लातूर