टॉवर हिलचं चित्र दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

ई-मेलवर तुमचे आभार मानले होते, पण ते तुमच्या-माझ्यातच राहिले. तुम्ही केलेली मदत ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या आणखी मराठी मंडळींना कळावी असं फार वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं आणि तुमच्या गॅलरीचं नाव घालू नका म्हणालात, ते पाळलं आहे.

माझा प्रश्न मुळात झाडांचा होता. आमचा लँडकेअर गट, म्हणजे जमिनीची निगा राखणाऱ्या स्वयंसेवकांचा गट, पश्चिम व्हिक्टोरियातल्या एका ओढ्याकाठी देशी झाडं लावतो. पिढ्यानपिढ्या तिथे मेंढ्या चरल्या, जंगल तोडलं गेलं. शीओक, ब्लॅकवुड, मॅना गम ही रोपं आम्ही आणत होतो, पण पूर्वी पाण्यालगत काय होतं, उतारावर काय होतं, दाटी कुठे आणि मोकळं गवत कुठे, हे नीट उमगत नव्हतं. जुने मोजणीचे नकाशे पाहून झाले होते. आदिवासी समाजातल्या जाणकारांशी बोलणं सुरू होतं. अशात कुणीतरी सुचवलं की छोट्या शहरांतल्या सरकारी कलादालनांत जुनी निसर्गचित्रं असतात, ती बघा. म्हणून तुम्हाला लिहिलं.

एखादी लिंक पाठवून तुम्ही मोकळ्या झाला असतात तरी मला वाईट वाटलं नसतं. तुम्ही उलट मलाच विचारलंत: ओढा कुठला, कुठल्या बाजूनं पाहिलेला हवा, कुठल्या दशकातला? आणि पुढे लिहिलंत, "आधी वॉरनंबूलला जाऊन टॉवर हिलचं चित्र बघून या, मग माझ्याकडे या."

ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. टॉवर हिल म्हणजे वॉरनंबूलच्या पश्चिमेला, पोर्ट फेरीच्या वाटेवर असलेलं एका जुन्या ज्वालामुखीचं मोठं विवर. आत पाणी, पाण्यात छोट्या टेकड्या. युजीन फॉन गेरार हा व्हिएन्नात जन्मलेला चित्रकार 1852 मध्ये सोन्याच्या ओढीनं व्हिक्टोरियात आला. सोनं फारसं हाती लागलं नाही, पण इथल्या भूमीची चित्रं काढत तो या वसाहतीचा मोठा निसर्गचित्रकार झाला. जेम्स डॉसन या तिथल्या शेतमालकाच्या सांगण्यावरून त्यानं 1855 मध्ये टॉवर हिल रंगवलं. पुढे त्या विवरातली झाडी तोडली गेली, गुरं चरली, दगड काढला गेला. 1892 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळूनही ही हानी थांबली नाही. 1961 मध्ये ते राज्याचं वन्यजीव राखीव क्षेत्र झालं आणि पुन्हा झाडं लावायची ठरली. पण कुठली आणि कुठे? तेव्हा शंभरेक वर्षांपूर्वीचं हे चित्र कामाला आलं. फॉन गेरारनं पानं-फांद्या इतक्या बारकाईनं रंगवल्या होत्या की वनस्पतींचे जाणकार त्यावरून झाडांच्या जाती ओळखू शकले. त्या आधारावर आणि असंख्य स्वयंसेवकांच्या हातांनी तिथे लाखो झाडं लागली. आज त्या रानात इमू फिरतात, कोआला दिसतात.

हे चित्र ज्या गावाजवळचं, त्याच गावाच्या गॅलरीत ते असतं, याचं मोल मला तिथे कळलं. सकाळी चित्र पाहावं आणि दुपारी त्याच विवराच्या कडेवर उभं राहावं, असं एखाद्या महानगरातल्या मोठ्या संग्रहालयात कसं जमणार? चित्रातली कड आणि समोरची कड जुळवताना माझे डोळे भरून आले. ताई, हे मी कुणाला आधी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर तुम्ही माझ्या उत्साहाला फार प्रेमानं शिस्त लावलीत. चित्र म्हणजे मोजणीचा नकाशा नव्हे, असं तुम्ही बजावलंत. चित्रकार रचनेसाठी एखादं झाड पुढे आणतो, एखादं गाळतो. म्हणून तो कुठे उभा होता, ऋतू कुठला, जागेवर काढलेलं रेखाटन आहे का, चित्र कुणाच्या सांगण्यावरून काढलं, हे सगळं विचारायला तुम्ही शिकवलंत. उदाहरणही त्याच चित्रकाराचं दिलंत. बॅलरॅटच्या गॅलरीत त्याचं 1853-54 च्या उन्हाळ्यातल्या जुन्या बॅलरॅटचं चित्र आहे. तंबू, माती, सोनं शोधणारी माणसं. तेव्हा तो स्वतः तिथे खोदत होता, पण चित्र रंगवलं 1884 मध्ये, युरोपात परतल्यावर, जुन्या रेखाटनांवरून. ते काढायला सांगितलं जेम्स ऑडी यांनी, ज्यांच्या पुढाकारानं त्याच वर्षी बॅलरॅटची गॅलरी स्थापन झाली. चित्राखालचं साल आणि चित्रातलं साल यांत तीस वर्षांचं अंतर! 1855 चं टॉवर हिल मात्र तेव्हाच्या तेव्हा रंगवलेलं, म्हणून झाडांच्या कामाला ते जास्त भरवशाचं. हा फरक तुम्ही सांगितला नसता तर आमच्या गटानं दोन्ही चित्रांवर सारखाच विश्वास ठेवला असता.

आणि मग तुमचं भांडार. भिंतीवर दिसतो तो संग्रहाचा लहानसा भाग, बाकी सगळं आत असतं, हे ऐकून होते. प्रत्यक्षात जाळीच्या उभ्या चौकटी ओढून बाहेर काढताना त्यांवर दोन्ही बाजूंनी टांगलेली तैलचित्रं दिसली, तेव्हा मी बोलायचंच विसरले. कागदावरची कामं तुम्ही सपाट खणांतून काढलीत. जलरंग आणि रेखाटनं उजेडात फिकी पडतात, झालेली हानी भरून येत नाही, म्हणून ती साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) इतक्या मंद उजेडात थोडेच महिने मांडायची आणि मग दीर्घकाळ अंधारात विसावू द्यायची, हे तुम्ही समजावलंत. मला हवी होती ती पेन्सिलची रेखाटनं अशीच विसावलेली होती. माझ्यासारख्या अनोळखी बाईसाठी, कुठलंही प्रदर्शन नसताना, तुम्ही नोंदवही चाळलीत, वेळ ठरवलीत, खण उघडलात आणि मला हवा तेवढा वेळ शेजारी थांबलात. त्यातल्या एका रेखाटनात पाण्यालगत वाकलेली झाडं आहेत आणि वरचा उतार जवळजवळ मोकळा आहे. ते पाहून आमच्या गटानं उतारावरची लागवड विरळ केली आणि तिथे देशी गवताला जागा ठेवली.

चित्राखालच्या पट्टीची शेवटची ओळ वाचायची सवयही तुमच्यामुळेच लागली. जिलॉंगच्या गॅलरीत फ्रेडरिक मॅककबिनचं 'अ बुश बरिअल' आहे, 1890 चं. रानातलं दफन, भोवती मोजकी माणसं. ते 1900 मध्ये लोकवर्गणीतून घेतलेलं आहे. त्याच गॅलरीसाठी 2006 मध्ये फॉन गेरारचं 1856 सालचं जिलॉंगचं दृश्य इंग्लंडमधल्या खासगी संग्रहातून विकत घेऊन त्या शहरात आणलं गेलं. टॉवर हिलचं चित्र सरकारी खात्याच्या मालकीचं, गॅलरीकडे उसनं दिलेलं. कुणी वर्गणी दिली, कुणी दान केलं, कुणी सांभाळायला दिलं. ही एवढी ओळ वाचायला क्षण लागतो, पण ती वाचल्यावर चित्र आपल्यालाही सोपवलेलं आहे असं वाटायला लागतं.

तुमच्या सांगण्यावरून आता हॉर्शमच्या गॅलरीला पत्र पाठवलं आहे, कारण त्यांचा भर छायाचित्रांवर आहे आणि विसाव्या शतकातला ओढा कदाचित तिथे सापडेल. शेपर्टनला मातीची भांडी, अरारॅटला वस्त्रकला. या गॅलऱ्यांनी आपापला एकेक विषय असा धरून ठेवला आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्याला तर सगळे जातात. तिथून वॉरनंबूल फार लांब नाही. गॅलरीला आधी कळवा, चित्र सध्या मांडलेलं आहे ना ते विचारा, आणि मग विवराकडे जा. तिथे आदिवासी वाटाड्यांबरोबर रानातून फिरता येतं का तेही विचारा, आणि येत असेल तर नक्की फिरा. आणि तुमच्या जवळच्या गॅलरीत एखादं काम भिंतीवर नसेल, तर ते बघायला मिळेल का असं निःसंकोच विचारा. नेहमीच जमेल असं नाही, पण विचारलेलं त्यांना आवडतं, हे ताईंनीच मला सांगितलं आहे.

ताई, पुढच्या हिवाळ्यात आमची ओढ्याकाठची लागवड पुन्हा सुरू होईल. तुम्ही आणि भांडारात मदत करणाऱ्या तुमच्या सहकारी, दोघींनीही यावं. रोपं आणि फावडी आमच्याकडे आहेत. त्या रेखाटनाची तुम्ही दिलेली प्रत मी जपून ठेवली आहे. ती हातात धरून पाण्यालगतची पहिली रांग कुठे आखायची, ते तुम्हीच दाखवा.

तुमची मनापासून ऋणी,
लँडकेअर गटातली एक मैत्रीण