लॉनऐवजी मारवेल

पुणे,
८ डिसेंबर २०२४

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या नव्या घरापुढे लॉन घालावी का, असे तू पत्रात विचारले आहेस. माझे उत्तर स्पष्ट आहे: लॉन घालू नकोस, त्या जागेत मारवेल गवत लाव. मात्र एवढ्यावर पत्र संपवले तर तुला ते पटणार नाही, म्हणून गेल्या चार वर्षांत जे पाहिले ते सविस्तर लिहितो.

मारवेल तुला नवे नाही. तुझे आजोबा बांधावरचे मारवेल दुभत्या म्हशीसाठी राखून ठेवत, आणि त्यात आपण खेळायला गेलो की रागावत. पण चारा म्हणून ओळखलेल्या या गवताकडे शोभेचे म्हणून आपण कधी पाहिले नाही. एक काडी हातात घेऊन पेरापाशी नीट बघ. प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे असते, जणू पायात वाळा घातला आहे. पाऊस ओसरू लागला की काडीच्या टोकाला हाताच्या बोटांसारखे तुरे फुटतात, त्यांवर जांभळट झाक असते आणि सकाळच्या दवाने ते एका बाजूला कलतात. मी आधी रोपवाटिकेतून आफ्रिकेकडचे तांबडे फाउंटन ग्रास आणले होते. दिसायला ते देखणेच होते, पण वर्षभरात त्यावर एकही पाखरू बसलेले मला दिसले नाही.

मारवेलवर ठिपकेवाल्या मुनिया येतात. पोटावर खवल्यांसारखी नक्षी असलेली ही चिमणीएवढीही नसलेली पाखरे वाऱ्याने हलणाऱ्या काडीला घट्ट धरून बसतात, तुरा चोचीत घेतात आणि दाणा काढून घेतात. पावसाळ्यात तीच पाखरे स्वतःपेक्षा लांब पाते चोचीत धरून शेजारच्या डाळिंबाकडे उडत होती. तिथे त्यांनी गवताचा गोल खोपा केला. ऑगस्टमध्ये पात्यांच्या खालच्या बाजूला हिरव्या अळ्या सापडल्या. त्यांच्या डोक्यावर दोन बारीक शिंगे होती. तिन्हीसांजेला जमिनीलगत उडणारे जे तपकिरी फुलपाखरू आपण अंगणात पाहत असू, त्याच्या त्या अळ्या. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर ठळक डोळे असतात, कोरड्या दिवसांत मात्र ते हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसते आणि पाचोळ्यात बसले तर पायाखाली येईपर्यंत कळत नाही.

म्हणूनच माझे खरे सांगणे पुढे आहे. मारवेल वाळले की ते कापण्याची घाई करू नकोस. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या माळीदादांनी सगळे गवत मुळापाशी छाटले. त्यांचा दोष नव्हता, मी त्यांना काही सांगून ठेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनियांचा थवा आला, मोकळ्या वाफ्यावर दोन घिरट्या घालून निघून गेला, आणि त्या हिवाळ्यात पुन्हा फिरकला नाही. मला ते फार लागले. वाळलेले गवत म्हणजे मेलेले गवत, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी पक्की आहे की पुण्याच्या गवताळ टेकड्यांनाही आपण ओसाड ठरवले आणि त्यांवर गिरिपुष्पाची बाहेरदेशी झाडे लावून त्या हिरव्या केल्या. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, पण तिथल्या वाळक्या माळावरच चिंकारा जगतो.

आता लावणीचे सांगतो. जूनमध्ये जमीन चांगली भिजली की मुळांसकट ठोंब दीड-दीड फुटावर लाव. टेकडीवरून उपटून आणू नकोस, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून माग. पहिले दोन महिने तण काढावे लागेल. खत घालू नकोस, नाहीतर गवत माजते आणि आडवे पडते. पाऊस संपल्यावर पाणी देण्याची गरज नाही. मे महिन्याच्या अखेरीस चार बोटे राखून काप, तेही एका वर्षी निम्मेच, म्हणजे उरलेल्या निम्म्यात किड्यांना आणि त्यांच्या अंड्यांना आसरा राहतो. वहिनींना सापाची धास्ती वाटेल आणि ती रास्त आहे. भिंतीपासून आणि वाटेपासून चार फूट जागा स्वच्छ ठेवावी, म्हणजे वावरताना पायाखालचे दिसते. उन्हाळ्यात जवळपास कचरा मात्र कुणाला पेटवू देऊ नकोस.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे ये. मी तुझ्यासाठी तीस-चाळीस ठोंब काढून ठेवीन. येताना ओले गोणपाट आण, म्हणजे साताऱ्यापर्यंत मुळे सुकणार नाहीत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत