'रोजचा खर्च' नको, मार्ग आणि तारखा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्ष-दीड वर्ष काढून चार-पाच खंड पालथे घालणाऱ्या जोडप्यांवरचे लेख पुरवण्यांमध्ये वरचेवर येतात. बहुतेकांत 'दोघांचा रोजचा खर्च' असा एक आकडा ठळक छापलेला असतो. तो खोटा नसेलही, पण त्यावर भिस्त ठेवून आखणी करणारा फसतो. काटकसरीच्या लांब प्रवासात पैसा जातो तो मुक्काम हलवताना. व्हिसा, तिकीट, स्थानकापासून खोलीपर्यंतची गाडी हा खर्च मुक्कामामागे एकदाच होतो. चार दिवसांनी हललात तर तो चार दिवसांच्या बोकांडी बसतो, अठ्ठावीस दिवस थांबलात तर रोजचा भार एक सप्तमांश. दोघे असल्याचा फायदाही मुख्यतः खोलीपुरता: हॉस्टेलमधल्या दोन खाटांच्या भाड्यात पुष्कळदा दोघांची स्वतंत्र खोली मिळते. व्हिसा, विमा, लस आणि विमान मात्र दुप्पटच.

त्याहून मोठी उणीव म्हणजे कोणता खंड आधी घ्यायचा, याबद्दल या लेखांत चकार शब्द नसतो. युरोपचेच घ्या. शेंगेन गटात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) आता 29 देश आहेत आणि तिथे कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरून. गटाबाहेर एक चक्कर मारली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, हा समज साफ चुकीचा आहे. 1 एप्रिलला शिरून सलग राहिलेल्यांचे 90 दिवस 29 जूनला संपतात आणि पुन्हा पाऊल ठेवता येते ते 28 सप्टेंबरला. मधले तीन महिने तुर्कस्तान, जॉर्जिया, अल्बानिया अशा गटाबाहेरच्या देशांत काढावे लागतात. इथे जुनी माहिती दगा देते. क्रोएशिया जानेवारी 2023 मध्ये गटात गेला; रुमानिया-बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमांवरील तपासणीही 1 जानेवारी 2025 पासून उठली. तिथले दिवसही आता मोजले जातात. व्हिसावर 90 हून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच खरे, आणि प्रवेश एकदाचाच असेल तर पॅरिसहून गटाबाहेरच्या लंडनला जाऊन परत येता येत नाही. दोघांच्या व्हिशांवर वेगवेगळे दिवस पडू शकतात, तेव्हा दोन्ही पासपोर्ट ताडून पाहावेत.

शेंगेन व्हिसाचा अर्ज युरोपात शिरण्याच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि सर्वसाधारणपणे राहत्या देशातूनच करावा लागतो. म्हणूनच वर्षभराच्या सफरीत युरोप शेवटी ठेवणारे अडकतात. व्हिसासाठी मध्येच घरी येण्याचे विमान सगळ्या बचतीवर बोळा फिरवते.

आफ्रिकेत केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा मिळून 100 डॉलरचा, 90 दिवसांचा एक व्हिसा निघतो. तो ज्या देशाने दिला त्याच देशातून आत शिरावे लागते. मध्येच झांझिबार पाहायला टांझानियात गेलात की तिघांच्या हद्दीबाहेर पडलात आणि तो संपला. टांझानिया आधी करा किंवा शेवटी. पीतज्वराच्या (यलो फिव्हर) लशीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, एवढे निघतानाच ध्यानात ठेवावे.

'बसने अलास्का ते पाटागोनिया', म्हणजे उत्तर अमेरिकेच्या टोकापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, हे शीर्षक छान दिसते. पण पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये सुमारे 100 किलोमीटर रस्ताच नाही. तिथे विमानाचे नाहीतर बोटीचे पैसे आधीच धरावे लागतात. पुढे पेरूत वेळ वाचवायला समुद्रकाठच्या लिमाहून थेट 3,400 मीटर उंचीवरच्या कुस्कोला उडणाऱ्यांचे एक-दोन दिवस डोकेदुखी आणि मळमळीत जाऊ शकतात. आरेकिपा (सुमारे 2,300 मीटर) इथे दोन-तीन रात्री काढून बसने वर गेलेले बरे. 3,000 मीटरच्या पुढे झोपण्याची जागा रोज 500 मीटरहून अधिक वर नेऊ नये.

पैशांबाबत थोडेच. एकाच खात्याची दोन कार्डे म्हणजे दोन कार्डे नव्हेत. संशय येऊन बँकेने खाते गोठवले की दोघेही रिकामे. दोन वेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. एटीएमने 'तुमच्या चलनात रक्कम घेऊ का?' असे विचारले तर नकार द्यावा, कारण तिथला दर बहुधा महाग असतो. वर्षभराच्या विम्यात एका सफरीला ठरावीक दिवसांची मर्यादा असते (30, 45, 60, क्वचित अधिक). ती न वाचता घेतलेला विमा तिसऱ्या महिन्यात नुसता कागद उरतो.

आणि 'काम करा, फुकट राहा' याची भलामण तरी थांबवावी. खोली-जेवणाच्या बदल्यात केलेले कामसुद्धा अनेक देश नोकरीच मानतात. पर्यटक व्हिसावर ते करताना सापडल्यास परत पाठवणी होऊ शकते आणि पुढच्या अनेक अर्जांत ते सांगत बसावे लागते.

तेव्हा विनंती एवढीच, की असा लेख छापताना सोबत एक चौकट द्यावी: प्रत्येक देशात शिरल्याची व निघाल्याची तारीख, व्हिसाचे शुल्क, विमानाचा खर्च आणि विम्याचा हप्ता. हे सारे वेगळे आणि खोली-जेवण वेगळे.

आपले,
दोन वाचक