रविवारी लिनक्स बसवायला येणाऱ्यांसाठी

मंडळी, लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. ती बसवायला रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी, सोलापुरात सात रस्त्याजवळ भेटू. लॅपटॉप, चार्जर आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा. फायलींची एक प्रत घरीच वेगळ्या डिस्कवर ठेवून या. बसवताना निवडलेली डिस्क पुसली जाऊ शकते; मागं मीच घाईत चुकीची डिस्क निवडली नि गड्ड्याच्या यात्रेचे सगळे फोटो घालवून बसलो.

"कुठलं लिनक्स घेऊ?" हे रोज विचारलं जातंय, कारण मिंट, उबुंटू, आर्च असे त्याचे बरेच प्रकार आहेत. नव्या माणसानं सरळ मिंट घ्यावं. विंडोजची सवय असलेल्याला त्याचा सिनॅमन डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरची मांडणी) परका वाटत नाही. मशीन जुनं, रॅम २ जीबी, असं असेल तर मिंटचंच एक्सएफसीई हे हलकं रूप घ्या. उबुंटू घेणार असाल तर एलटीएसच (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) घ्या, ५ वर्षं अपडेट मिळतात. आर्च नवख्याला अवघड, त्याच्या नादी आत्ता लागू नका. त्याचा विकी (ऑनलाइन माहितीकोश) मात्र कुठलंही लिनक्स असलं तरी उपयोगी पडतो.

आधी पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह', म्हणजे लॅपटॉपवर न बसवताच, चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालले तरच बसवायचं.

शिकायला आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहेत, मराठीतूनही, फुकट. व्हिडिओ थांबवत थांबवत स्वतः टाइप करा, नुसतं बघून काही येत नाही. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) अडलात तर 'मॅन' (man) लिहून पुढं कमांडचं नाव द्या, माहिती समोर येते. बाहेर पडायला 'क्यू' (q) दाबा. (हे 'क्यू' कुणी सांगत नाही, मी पहिल्या दिवशी खिडकीच बंद केली होती!) सुरुवातीला 'सुडो' (sudo, म्हणजे कमांडला सिस्टीमचे पूर्ण अधिकार देणारा शब्द) असलेली कमांड समजल्याशिवाय चिकटवू नका.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथंच नाव आणि लॅपटॉपची रॅम कळवा.